सात नंबरच्या मशीनने परत केलेलं नाणं

वजाबाकीसाहेबांनी आजवर एकाही नाण्याला सत्तरपैकी सत्तर दिले नव्हते. लोक ओळख करून देताना स्वतःचं नाव सांगतात, तसं साहेब हे सांगायचे.

नाण्यांची प्रतवारी सत्तर गुणांवर होते. टांकसाळीच्या ठशाखालून निघाल्यापासून ज्याला हात, हवा, पिशवी, शेजारचं नाणं, कशाचाही धक्का लागलेला नाही ते सत्तर. आणि ज्याच्यावर मुळात काय कोरलं होतं हे आता देवालाच ठाऊक, ते एक. प्रतवारीच्या कचेरीतले बाकीचे परीक्षक नाणं बघून मनाशी अंदाज बांधत आणि मग गुण देत. साहेब सत्तरावर उभे राहत आणि तिथून पायरी पायरी खाली उतरत. इथे ओरखडा, दोन गेले. तिथे झळाळी मंद, एक गेला. म्हणून कचेरीत त्यांना वजाबाकी म्हणत, अर्थात पाठीमागे. साहेबांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

घरी आल्यावर माणूस कामाचे कपडे काढून ठेवतो, पण नजर कुठे काढून ठेवणार? लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बायकोने तीन महिने खपून त्यांच्यासाठी स्वेटर विणला होता. साहेबांनी तो दिव्याखाली धरला, उलटासुलटा केला आणि एकसष्ट दिले, कारण डावी बाही अर्धं बोट लांब होती. वर हेही सांगितलं की एकसष्ट म्हणजे वाईट नव्हे. त्यानंतर बायकोने सुयांना हात लावला नाही. तिला विणकामाची आवड अचानक कशी काय गेली, हे कोडं साहेबांना सव्वीस वर्षांत सुटलं नव्हतं.

कचेरीतल्या त्यांच्या टेबलावर काळं मऊ कापड पसरलेलं असे, नाणं हातून निसटलंच तर त्याला लागू नये म्हणून. शेजारी भिंग, सूक्ष्मदर्शक आणि काचेच्या पेटीतला वजनकाटा. समोरच्या भिंतीवर साहेबांनी स्वतः टाइप करून चिकटवलेले तीन नियम होते. आधी वजन करा. नाणं फक्त कडेला धरा. नाणं कुणाचं, हे विचारू नका. तिसऱ्या नियमासाठी तर कचेरीने पक्की सोय केली होती. नाणं नुसत्या नंबरासह टेबलावर येई आणि मालकाचं नाव व ते कसं मिळालं याची हकिगत बंद पाकिटात असे. गुणांवर सही झाल्यावरच पाकीट फोडायचं. परीक्षकाने नाणं बघावं, माणूस बघू नये, असा त्यामागचा विचार. नव्याने आलेल्यांना साहेब हे तिन्ही नियम इतक्या कळकळीने समजावत की एकदोघांच्या डोळ्यांत पाणी यायचं, कारण जेवणाची सुट्टी त्यातच संपायची.

चुकीची नाणी ओळखण्यात साहेबांचा हातखंडा होता. टांकसाळीतही माणसंच असतात, तेव्हा चुका होतात. ठसा तिरका बसतो, दोनदा बसतो, कधी एका नाण्याची कोरी चकती दुसऱ्याच नाण्याच्या ठशाखाली जाते. गंमत अशी की जी चूक टांकसाळीत झाली तिला संग्राहक डोक्यावर घेतात आणि जी चूक टांकसाळीच्या दाराबाहेर झाली तिला नुकसान म्हणतात. या दोहोंतला फरक सांगणं हा साहेबांचा धंदा. त्यावर त्यांनी एक पुस्तकही लिहिलं होतं आणि ते कचेरीत सगळ्यांनी वाचलेलं होतं, निदान साहेब विचारत तेव्हा सगळे हो म्हणत. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर एक तिरका व्रण होता. तरुणपणी नाण्याची सीलबंद डबी फोडताना पातं निसटून झालेला. शास्त्रासाठी आपण रक्त सांडलं आहे, असं ते पाहुण्यांना अंगठा पुढे करून सांगत.

आता यात मेहुणा कुठे बसतो, तर तो दर रविवारी सकाळी दहा वाजता साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसे.

बायकोचा हा धाकटा भाऊ दोन रस्ते पलीकडे नाणं टाकून चालणाऱ्या लॉन्ड्रीत कामाला होता. बारा धुण्याची मशीनं, चार ड्रायर. सकाळ-संध्याकाळ मशीनचे गल्ले रिकामे करायचे, अडकलेलं नाणं काढायचं, साबणाची पावडर सांडली की पुसायची. कुणीतरी त्याला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एका बाईला सुट्ट्या पैशांत चुकीचं नाणं मिळालं आणि तिचं नशीब फळफळलं. त्या दिवसापासून मेहुण्याने गल्ल्यातलं प्रत्येक नाणं उलटून बघायला सुरुवात केली. आठवड्यात जी चार-पाच नाणी वेगळी वाटत, ती कागदाच्या पुड्यांत बांधून तो रविवारी घेऊन येई.

सहा वर्षांत त्याने किती पुड्या आणल्या याची गणती नव्हती आणि एकही खरी निघाली नव्हती. बहुतेक नाणी ड्रायरची असत. ड्रायरच्या पिंपात कुठेतरी फटीत अडकलेलं नाणं महिनोन्‌महिने गरगरत राहतं, कड आपटून आपटून आत वळते, अक्षरं झिजतात. मेहुण्याला ती टांकसाळीची चूक वाटे. काही नाणी ब्लीचने पांढुरकी पडलेली, काही गंजलेली, एक तर कुणीतरी दाताने चावलेलं. साहेब एकेक उचलत, शेरा मारत आणि 'भंगार' असं लिहिलेल्या बिस्किटाच्या डब्यात टाकत. शेरे मजेदार असत. मेहुणाही हसे, पुडीचा कागद नीट घडी घालून खिशात ठेवी, चहा घेई आणि जाई. साहेबांच्या पुस्तकातलं 'लॉन्ड्रीतली नाणी' हे प्रकरण जाणकारांनी फार वाखाणलं होतं. त्यातली चौदाच्या चौदा छायाचित्रं त्या बिस्किटाच्या डब्यातून आलेली होती. प्रस्तावनेत साहेबांनी अनेकांचे आभार मानले होते, छापखान्याचेसुद्धा. मेहुण्याचं नाव घालायचं त्यांना सुचलं नाही.

त्या रविवारी मेहुण्याने एकच पुडी आणली. ती उघडताना त्याचे हात नेहमीपेक्षा सावकाश चालले होते. साहेब वर्तमानपत्र वाचत होते आणि त्यांचं मन कचेरीत होतं, कारण मुख्य परीक्षक महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते आणि त्या खुर्चीवर साहेबांची पंधरा वर्षं नजर होती.

"भाऊजी, हे जरा बघा," मेहुणा म्हणाला. "एका बाईंनी मशीनमध्ये टाकलं, तर सात नंबरच्या मशीनने तीनदा परत केलं. बाई चिडल्या. मग मी माझ्याकडचं नाणं त्यांना दिलं आणि हे ठेवून घेतलं."

साहेबांनी नाणं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून धरलं, अंगठा बरोबर छाप्याच्या मधोमध. दुसऱ्या हातात वर्तमानपत्र होतंच. रंग पिवळ्याऐवजी पांढरट, म्हणजे ब्लीच. कडेची अक्षरं अर्धवट, म्हणजे ड्रायर. सगळा निकाल तीन-चार सेकंदांत लागला. शितावरून भाताची परीक्षा करायची, पण त्यासाठी शीत तरी चेपून बघावं लागतं.

"सात नंबरच्या मशीनला तुझ्यापेक्षा जास्त कळतं म्हणायचं," साहेब म्हणाले. "कचरा आत घ्यायचा नाही, एवढी अक्कल त्याला आहे."

आणि ते त्या नाण्यावर तोंड करून मनसोक्त हसले. कचेरीत नाण्याच्या वर तोंड करून बोलायलासुद्धा त्यांनी मनाई केलेली होती, थुंकीचा कण उडाला तर डाग पडतो म्हणून. नाणं टणकन डब्यात पडलं.

या वेळी मेहुणा हसला नाही. तो म्हणाला, "बरोबर आहे." चहा अर्धा ठेवून उठला, ताईला येतो म्हणाला आणि पुडीचा कागद टेबलावरच राहिला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने तो कागद उचलला, घडी घातली आणि म्हणाली, "काटा कपाटातच होता. उठून चार पावलं जायचं होतं."

साहेबांनी सांगितलं की असल्या नाण्यासाठी काटा बाहेर काढणं हा काट्याचा अपमान आहे. बायको पुढे काही बोलली नाही. एवढी वर्षं संसार केल्यावर बायकोचं न बोलणं कोणत्या प्रतीचं आहे हे नवऱ्याला ओळखता यायला हवं, पण त्या विषयावर साहेबांनी पुस्तक लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मेहुणा आला नाही. साहेब म्हणाले, चला, शांतता. त्याच्या पुढच्या रविवारीही तो आला नाही. साहेबांनी वर्तमानपत्र दोनदा वाचलं, घड्याळाकडे बघितलं, चहाला अठ्ठावन्न गुण दिले. पण चहा काही हसला नाही. करमत नाही हे कबूल करण्याऐवजी त्यांनी हवा दमट असल्याची तक्रार केली. बायकोने खिडकी उघडून दिली.

मग एका गुरुवारी कचेरीत साहेबांच्या टेबलावर एक नाणं आलं. सोबत नंबराची चिठ्ठी, बंद पाकीट, बाकी काही नाही.

साहेबांनी रबरी चिमट्याने ते कडेला धरून अलगद उचललं आणि काट्यावर ठेवलं. सहा ग्रॅम भरायला हवं होतं. काट्याने चार पूर्णांक नऊ दाखवलं. त्यांनी नाणं काढलं, काट्याचं तबक पुसलं, काच लावली, पुन्हा ठेवलं. चार पूर्णांक नऊ.

ते भिंग घेऊन वाकले. कडेची अक्षरं अर्धवट होती, पण झिजलेली नव्हती. चकतीच अंगाने लहान, त्यामुळे ठशाचा काठ तिच्याबाहेर गेलेला. रंग पांढरट, कारण धातूच वेगळा. आणि साऱ्या पृष्ठभागावर टांकसाळीची ताजी झळाळी, दिवा हलवला की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरणारी. ड्रायरमध्ये किंवा ब्लीचमध्ये पडलेल्या नाण्यावर ही झळाळी उरूच शकत नाही, हे साहेबांनीच पुस्तकात जाड अक्षरांत छापलं होतं. मोठ्या नाण्याच्या ठशाखाली भलत्याच नाण्याची कोरी चकती गेली होती. असं नाणं या कचेरीत आजवर कुणाच्या टेबलावर आलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावर दुसऱ्या परीक्षक बाई बसत. साहेबांनी पास केलेलं नाणं त्यांच्याकडे दुसऱ्या तपासणीला जाई. साहेबांनी नुकसान म्हणून नापास केलेलं नाणं मात्र कुणीही न बघता सरळ मालकाकडे परत जाई. साहेबांनी बाईंना इतक्यात काही सांगितलं नाही. आधी भाषण पूर्ण व्हायला हवं होतं. मनातल्या मनात ते परिषदेच्या व्यासपीठावर उभे होते, मागे पडद्यावर या नाण्याचा फोटो, पहिल्या रांगेत संचालक. मुख्य परीक्षकाच्या खुर्चीची उंची त्यांनी आपल्या पायांच्या मानाने जुळवूनसुद्धा घेतली.

मग गुण द्यायला त्यांनी नाणं उलटून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं आणि छाप्याच्या मधोमध एक तपकिरी डाग दिसला. अंगठ्याचा ठसा. घामातलं मीठ आणि तेल धातूला हळूहळू खात जातं. त्या दिवशी काही दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी तपकिरी होऊन वर येतं आणि मग काही केल्या जात नाही.

साहेबांचा संताप अनावर झाला. बाईंकडे वळून त्यांनी माणसांच्या एका विशिष्ट जातीवर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. या लोकांना नाणं धरायचंही कळत नाही. यांच्या हातात मौल्यवान वस्तू देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. ज्याने हा अंगठा लावला त्याला आयुष्यात कशाचीच किंमत कळली नसणार. बाई मान हलवत होत्या. नाण्यावर तोंड करून बोलू नये, याची आठवण त्यांनी साहेबांना करून दिली नाही.

व्याख्यान संपवून साहेबांनी सूक्ष्मदर्शक आणखी जवळ आणला, त्या गावंढळ अंगठ्याचा एकेक वळसा मोजावा म्हणून. वळशांच्या मधून एक तिरकी रेघ गेली होती. वळसे तिच्या दोन्ही बाजूंना तुटलेले, एका टोकाशी रेघ किंचित रुंद. पातं निसटल्यावर पडते तशी.

साहेबांनी आपला उजवा अंगठा समोर धरला. मग सूक्ष्मदर्शकात बघितलं. मग पुन्हा अंगठ्याकडे. बाईंनी विचारलं, काही लागलं का? साहेबांनी अंगठा मुठीत लपवला आणि काही नाही म्हणाले.

रंग पांढरट, कडेची अक्षरं अर्धवट. सात नंबरच्या मशीनने तीनदा परत केलेलं. मशीनच्या पोटात नाण्याचं वजन आणि धातू तपासायची सोय असते, हे लहान पोरही सांगेल. मशीनने पहिला नियम पाळला होता. तिसराही पाळला होता, कारण नाणं कोण टाकतंय हे त्याने विचारलं नव्हतं. नियम टाइप करून भिंतीवर चिकटवणाऱ्याने मात्र एकाच रविवारी तिन्ही मोडले होते, आणि तेही बसल्या जागी, वर्तमानपत्र खाली न ठेवता.

पुढचं सगळं साहेबांना लख्ख दिसलं. नाणं पास केलं की पाकीट फुटणार. त्यात मेहुण्याने लिहिलेलं असणार, काय लिहिलं असणार हेही त्यांना शब्दन्‌शब्द ठाऊक होतं: माझ्या भाऊजींनी हे वजन न करता भंगारात फेकलं, वर माझी अक्कल काढली. ती हकिगत नोंदवहीत उतरवली जाणार, संचालक वाचणार, परिषदेत लोक एकमेकांना कोपराने ढोसणार. आणि नाणं नापास केलं तर? तर 'रासायनिक डाग, नुकसान' एवढे तीन शब्द. नाणं न बघता परत जाईल, पाकीट न फोडता. एका अतिशहाण्याची लाज झाकली जाईल आणि एक साधा माणूस सहा वर्षं जसा मूर्ख ठरत आला तसा आणखी एकदा ठरेल. त्याला त्याची सवय होती, असं साहेबांनी स्वतःला सांगून बघितलं.

त्यांनी पेन उचललं आणि फॉर्मवर 'रासायनि' एवढं लिहिलं.

काट्याचा आकडा अजून तसाच होता, कारण घाबरून त्यांनी नाणं सूक्ष्मदर्शकाखालून काढून पुन्हा काट्यावरच ठेवलं होतं. चार पूर्णांक नऊ. साहेबांना मेहुण्याचा अर्धा राहिलेला चहा आठवला. सहा वर्षं तो माणूस एकच गोष्ट मागत होता, आणि ती पैसा नव्हती. एकदा तरी भाऊजींनी नाणं खाली न टाकता म्हणावं, अरे, हे बघण्यासारखं आहे. एवढंच. पेन पुढे सरकेना. साहेबांना स्वतःची लाज वाटली, आणि ती भीतीपेक्षा जड भरली.

त्यांनी लिहिलेलं खोडलं, नियमाप्रमाणे खाडाखोडीशेजारी छोटी सही केली आणि नवीन ओळीवर लिहिलं: अस्सल टांकसाळी चूक, भलत्या नाण्याच्या चकतीवर छाप. गुण एकसष्ट. वजावटीचं कारण या रकान्यात ते जरा थांबले. मग लिहिलं: बारीक ओरखडे, चार गुण वजा. छाप्यावर उजव्या अंगठ्याचा ठसा, तिरक्या व्रणासह, पाच गुण वजा. ठसा परीक्षकाचा स्वतःचा.

बाईंनी वजन केलं, नाणं बघितलं, फॉर्म वाचला. दोनदा वाचला. साहेबांनी न सांगता अंगठा पुढे केला. एरवी पाहुण्यांसमोर करत तसा, फक्त आज त्यात शास्त्र नव्हतं. बाई म्हणाल्या, त्यांनी बासष्ट दिले असते, साहेबांनी स्वतःला एक गुण जास्त कापलाय. साहेब म्हणाले, राहू दे.

दोन सह्या झाल्या आणि बाईंनी पाकीट फोडलं. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. माणूस दातांच्या डॉक्टरांकडे बसतो तसे.

बाईंनी वाचलं:

"नाणं मी काम करतो त्या लॉन्ड्रीत मिळालं. सात नंबरच्या मशीनने तीनदा परत केलं म्हणून बाजूला ठेवलं. माझे भाऊजी या विषयातले मोठे जाणकार आहेत. ते नेहमी सांगतात की आधी वजन करावं. माझ्याकडे काटा नाही, म्हणून ताईच्या सांगण्यावरून तुमच्याकडे पाठवत आहे. नाणं साधं निघालं तरी हरकत नाही. तसं झालं तर कृपा करून भाऊजींना कळवू नये. त्यांना उगाच त्रास होतो."

साहेब खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती. तोंडात बसणार म्हणून गाल तयार ठेवला होता, आणि कुणी मारलंच नाही. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. बाईंनी पाण्याचा ग्लास आणून टेबलावर ठेवला आणि हकिगत नोंदवहीत उतरवायला घेतली.

फॉर्म संचालकांपर्यंत गेला. असा प्रामाणिकपणा कचेरीचं भूषण आहे, असं त्यांनी साहेबांना बोलावून सांगितलं, हातात हात घेऊन सांगितलं, आणि मुख्य परीक्षकाची खुर्ची बाईंना दिली. भूषण भिंतीवर शोभतं, खुर्चीत बसवायला माणूस लागतो. कचेरीत साहेबांना आता वजाबाकीऐवजी अंगठा म्हणतात. हे मात्र त्यांना आवडलं नाही.

घरी त्यांनी बायकोला विचारलं, नाणं डब्यातून कधी काढलं? बायको म्हणाली, त्याच दिवशी, तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. आणि मग म्हणाली, "किती दिले?"

"एकसष्ट."

"स्वेटरएवढे," बायको म्हणाली.

साहेब उठले, कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून तो स्वेटर काढला. अंगात घातला. पोटावर तो आता जेमतेम बसत होता, डावी बाही हाताच्या पंजापर्यंत आली. दिवस उकाड्याचे होते. तरी रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी तो काढला नाही, आणि बायकोनेही काढा म्हटलं नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता साहेब लॉन्ड्रीत गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्यांना दोन रस्ते पलीकडची ती जागा शोधायला तिघांना विचारावं लागलं. आत साबणाचा आणि गरम कापडाचा वास होता. भिंतीला लागून मशीनं ओळीने उभी होती, वर रंगाने नंबर घातलेले. मेहुणा खाली बसून एक गाळणी साफ करत होता. साहेबांना बघून तो गडबडीने उठला, हात पुसले आणि सगळ्यात आधी विचारलं, ताई बरी आहे ना?

साहेबांनी खिशातून प्लास्टिकची सीलबंद डबी काढून त्याच्या हातात दिली. आत ते नाणं होतं, वर छापील चिठ्ठी. मेहुण्याने चिठ्ठी वाचली. ओठ हलवत पुन्हा वाचली. मग मशीनच्या कडेला टेकून उभा राहिला.

"मी वजन केलं नव्हतं," साहेब म्हणाले. "चूक माझी. तुझं बरोबर होतं."

वाटेत त्यांनी यापेक्षा पुष्कळ मोठं वाक्य तयार केलं होतं, पण ऐन वेळी एवढंच आलं. मेहुण्याने डबी उजेडात धरली, कडेला धरून, जशी धरायला हवी तशी. मधला तपकिरी डाग कसला, म्हणून विचारलं. साहेबांनी अंगठा दाखवला.

मेहुण्याने अंगठा बघितला, डाग बघितला आणि तो हसू लागला. सहा वर्षं साहेबांच्या शेऱ्यांवर तो हसायचा ते हसू निराळं होतं, हे साहेबांच्या आज लक्षात आलं. हे पोटातून येत होतं. हसू ओसरल्यावर तो थोडा घुटमळला आणि काउंटरच्या ड्रॉवरमधून सात-आठ कागदी पुड्या काढून समोर ठेवल्या. आणायचं बंद केलं होतं, पण बघायचं काही बंद होईना, असं तो जमिनीकडे बघत म्हणाला.

साहेबांनी दुसऱ्या खिशातून घरचा काटा काढला. सपाट जागा एकच होती, एका मशीनचा माथा. त्यांनी काटा तिथे मांडला, पहिली पुडी उघडली, नाणं कडेला धरून तबकात ठेवलं. बघताक्षणी कळत होतं की हे ड्रायरचं आहे, चांगलं वर्षभर फिरलेलं. जिभेच्या टोकावर शेराही आला होता, आणि चांगला होता. साहेबांनी तो गिळला आणि काट्याकडे बघितलं. खाली मशीन कपडे पिळत गदगदत होतं, आणि आकडा एका जागी ठरत नव्हता.

"सात नंबर आहे हे," मेहुणा म्हणाला. "अजून अकरा मिनिटं लागतील."

साहेबांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं आणि बसले.